पायाच्या वाटणीचं पाणी

पहिला पाय मी ओढ्यात भिरकावून दिला. खोटं कामून बोलू? राग आला की ह्या सांडूचं, म्हणजे माझं, डोकं ठिकाणावर राहत नाय, हे साऱ्या गावाला ठाऊक हाय. शिबिरात फुकट भेटलेला प्लास्टिकचा पाय होता तो. सपाटीवर बरा चालायचा, पर उतार लागला की गुडघा मटकन दुमडायचा आन् मी तोंडावर. आता मेंढरामागं चालणाऱ्या माणसाला सपाटी भेटती कुठं? एक दिवस गडगडत पार खाली गेलो. मेंढरं वर उभी राहून माझ्याकडं बघायलीत. तिथंच पट्टे सोडले आन् दिला फेकून. साळूनं, माझ्या बायकोनं, तो गपगुमान उचलून आणला, त्याच्या खोलगट भागात भुस्कट घातलं आन् अंड्यावर कोंबडी बसवली.

खरा पाय मांडीतून गेला त्याची गोष्ट लांब नाय. शेंद्र्याला कारखाने यायला लागले, आमची चराईची रानं तारेच्या कुंपणात गेली आन् मेंढरं डांबरी सडकेनं न्यायची पाळी आली. एक दिवस मुरूम वाहणारा डंपर उलटा मागं यायला लागला. एक मेंढी चाकाखाली जायली होती, तिला ओढायला गेलो. मेंढी वाचली, पाय गेला. साळू त्या मेंढीला अजून "सवत" म्हणती.

तर त्या साली लागोपाठचा दुष्काळ होता. गावाला टँकरचं पाणी. चारा म्हणाल तर पैठणकडं, नाथसागर धरण आटून उघड्या पडलेल्या गाळात. आदल्या साली साळूनं एकटीनं मेंढरं तिकडं नेली होती. दिवसभर पायपीट, रातभर लांडग्याची राखण. परत आली तवा वळखू येत नव्हती. ह्या साली तिनं पोळ्यालाच सांगून टाकलं.

"अवं, ऐका. मला एकटीला आता व्हत नाय. दसऱ्याला मेंढरं घेऊन डोंगराचा उतार उतरून दाखवा. उतरलात तर दोघं मिळून जाऊ. नाय जमलं तर दुसऱ्या दिवशी व्यापारी येईन, सगळी मेंढरं देऊन टाकू."

मी तिच्यावर ओरडलो, तांब्या आपटला. पर तिचं काय चुकलं होतं? आमचा ऋतुराज शेंद्र्याच्या वर्कशॉपात लेथवर कामाला, त्याला सुट्टी नाय. मेंढरं गेली तर मी काय करणार होतो? ओट्यावर बसून सडकेवरल्या गाड्या बघणार? माझ्या बापाच्या बापापासून आमच्या दारात मेंढरू नाय असा दिवस उगवला नाय.

अशात माझी पुतणी आली. प्रांजली. माझा भाऊ मुंजाबा, त्याची लेक. शहरात औरंगपुऱ्यात खोली करून राहायची आन् विद्यापीठात रसायनशास्त्राची पीएचडी करायची. आली ती टेप घेऊनच. माझ्या मांडीचं माप घेतलं, चांगल्या गुडघ्याचं घेतलं, चपलेचं घेतलं.

"काय करायलीस गं?" मी म्हणलं. "कफन शिवतीस का माझं?"

"गुडघा शिवते तात्या," ती म्हणली. "त्यात तेल घालणार आहे."

"तेलानं कुरकुर थांबती. पडणारा माणूस थांबत नाय."

"हे तेल थांबवतं. चला, दाखवते."

मी नाय म्हणलं. ती ऐकती का? आमच्याच रक्ताची. मला स्कूटरवर मागं बसवलं, कुबड्या माझ्या काखेत, आन् निघाली. चिकलठाण्यापासून पुढं जिथं तिथं नव्या बिल्डिंगी. एकेकाळी तिथं आमची मेंढरं बसायची. आता दर दारात निळी टाकी आन् टाकीपुढं बायांची रांग.

विद्यापीठातल्या त्या खोलीत पाय टाकला आन् मी तिथंच थबकलो. वास वळखीचा! पावसाळ्यात मेंढरांच्या वाड्यात मुताचा जो डोळ्यात पाणी आणणारा उग्र वास येतो, डिट्टो तोच. "इथं मेंढरं बांधलीस व्हय?" मी विचारलं. ती हसली, म्हणली, तो अमोनिया हाय. वाड्यातल्या वासातबी तोच असतो. खरं सांगतो, तवापासून मला ती जागा परकी वाटली नाय.

टेबलावर काचेच्या पेल्यात तिचं पीठ होतं. पीठ म्हणजे रेतीच, पर डोळ्याला दाणा दिसणार नाय इतकी बारीक. त्या एकेका दाण्यावर तिनं लेप चढवलेला. लेप कशाचा? प्लास्टिकच्याच जातीचा, पर ह्यातून वीज वाहती. मी म्हणलं, मग रेती कशाला, नुसतं ते प्लास्टिकच घ्यायचं ना. तर म्हणली, "नुसतं तेच घेतलं तर वीज या टोकाकडून त्या टोकाला धावत सुटते, ठिणग्या पडतात. नुसती रेती घेतली तर ती विजेला दादच देत नाही. म्हणून पोटात रेती आणि वर पातळ अंगरखा."

"केवढा पातळ?"

"कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढं घोंगडीसारखा जाड वाटेल."

लेप चढला की पीठ हिरवं दिसतं. त्यातलं आम्ल काढायला ते धुवायचं, मग अमोनियात घोळायचं, म्हणजे ते निळं होतं आन् त्याची विजेची हाव कमी होती. मग परत धुवायचं, खाली गळणारं पाणी निवळ येईस्तोवर. मग भट्टीत कोरडं ठणठणीत वाळवायचं. आता धुवायला पाणी कुठं होतं? तिच्या खोलीवर नळाला आठवड्यातून एकदा धार. धुवायचं पाणी तर नळाचंबी चालत नाय, बॅटरीत घालतात तसलं शुद्ध लागतं. पोरगी औरंगपुऱ्यातून त्याचे कॅन स्कूटरवर पायाशी ठेवून आणायची. स्वतःच्या केसांना आठवडा आठवडा पाणी नाय आन् रेतीला रोज अंघोळ. मला तिचं वाईट वाटलं, आन् अभिमानानं छातीबी भरून आली.

मग तिनं दाखवलं. काचेच्या भांड्यात दोन पत्रे, अगदी जवळ, पर एकमेकाला न लागणारे. मधात ते पीठ कालवलेलं तेल, काळंनिळं. माझ्या हातात रबरी हातमोजा चढवला, काचेची कांडी दिली. "हलवा तात्या." हलवली. ताकासारखं पातळ. तिनं बटन दाबलं. "आता हलवा."

कांडी हलंना! जोर लावला तरी हलंना. बटन सोडलं की परत ताक. दाबलं की गच्च. मधी काही वेळच जात नाय, पापणी लवायच्या आत खेळ खलास. ना तापवलं, ना थंड केलं, ना त्यात काही टाकलं. मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आन् लई वेळ पोरासारखा तेच करत बसलो, दाब म्हणलं की ती दाबायची, सोड म्हणलं की सोडायची.

"आत काय व्हतं गं असं?"

"वीज आली की दाणे एकामागं एक रांगेत उभे राहतात. या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत. तेलाला मग वाट मिळत नाही."

"म्हणजे बोळीत मेंढरं दाटली की कुत्रंसुदिक पलीकडं निघत नाय, तसं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग पळत जाऊन शेजारच्या खोलीतल्या, तिला शिकवणाऱ्या बाईंना ते सांगून आली. मी म्हणलं, बरं झालं, आपल्या मेंढरांचं नाव विद्यापीठात निघालं.

गुडघ्याची रीत तिनं अशी केली. एक नळकांडं, त्यात दट्ट्या, भवताली अरुंद फट, फटीत ते तेल. टाचंत बटन, कंबरेला बॅटरीचा डबा. टाच भुईला टेकली की वीज चालू, तेल गच्च, गुडघा दुमडत नाय. टाच उचलली की तेल पातळ, गुडघा मोकळा. नळकांडं ऋतुराजनं पाळी संपल्यावर लेथवर कातून दिलं. आन् पाय घरी आणला तवा प्रांजलीनं मला आन् साळूला समोर बसवून सांगितलं, "रात्रीत दाणे तळाला बसतात, म्हणून सकाळी पाय चांगला हलवून घ्यायचा. आणि तेलाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही."

झालं. रोज सकाळी मी दारात बसून पाय घुसळायचा आन् साळूनं चुलीपुढून विचारायचं, "आलं का लोणी?" पर चालाय लागलो तशी तिची थट्टा बंद झाली. आधी अंगण, मग सडक, मग बांध. टाच टेकली की कुणीतरी खालून हात दिल्यागत गुडघा उभा राहायचा. दसऱ्याच्या आधी मी एकट्यानं बंधाऱ्याची भिंत उतरून आलो. साळूनं बघितलं आन् ती मेंढरांच्या घंट्या घासायला बसली. बायको घंट्या घासायला बसली म्हणजे निघायचं तिच्या मनानं घेतलं, इतकं मला कळतं.

मग आली खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात. लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, कोयता, सगळं घासून धुवून पाटावर. मी दिवसभर मेंढरांकडं, कुबड्यांवरच, कारण साळू म्हणली पाय आज घरी राहू द्या. दिवेलागणीला घरी आलो आन् बघतो तर काय, पाटावर मधोमध माझा पाय! एका बाजूला कातर, एका बाजूला कुऱ्हाड, पायाला हळद-कुंकू, गुडघ्यावर झेंडूची माळ, पुढं नारळ फोडलेला. मला भरून आलं. शिबिराच्या पायात कोंबडी बसवणाऱ्या बाईनं ह्या पायापुढं हात जोडले होते.

दसऱ्याला सकाळी मुंजाबा आन् प्रांजली आले. ऋतुराजलाबी दसऱ्याची सुट्टी, सगळे अंगणात. मी ऐटीत पाय घुसळला, पट्टे आवळले, डबा लावला आन् दाराचा उतार उतरायला टाच टेकवली. कंबरेचा डबा चिवचिवला आन् बंद पडला. गुडघा मटकन दुमडला. मी तोंडावर, थेट तुळशीपुढं.

माझं टाळकं सटकलं. "काढा हे मढं! याच्यातबी कोंबडी बसवा! बोलवा व्यापाऱ्याला, उद्या कशाला, आत्ताच बोलवा!" आणिक काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाय. मुंजाबानं मला उचलून खाटेवर बसवलं. आन् खरं तर मी ओरडत नव्हतो, मी घाबरलो होतो. मेंढरं गेली, एवढंच डोक्यात वाजत होतं.

प्रांजली खाली बसली. पायाचं बूच उघडलं, थोडं तेल परातीत ओतलं. तेलात पाण्याचे टपोरे थेंब, कुंकवानं लालसर. बुचाच्या आट्यात झेंडूची पाकळी अडकलेली. तिनं वास घेतला. नारळपाणी.

"काकू," ती हळूच म्हणली, "पाय धुतलास का?"

"मग?" साळू म्हणली. "धुतल्याबिगर हत्यार पाटावर ठेवतेत का कुठं?"

"अगं, मी सांगितलं होतं ना, पाणी लागू द्यायचं नाही."

"ते तू चिखलाबिखलाचं सांगितलंस. हे तसलं पाणी नव्हतं माय. टँकरचं, पिण्याच्या हंड्यातलं, फडक्यानं गाळून घेतलं. आम्ही आठ दिवस अंगाला पाणी लावलं नाय, पर त्याला कमी पडू दिलं नाय. बुचातून काळं काळं निघायलं होतं, म्हणलं मळ असंल, तर उघडून आतूनबी खळबळून काढला. मग नारळाचं पाणी शिंपडलं." बोलता बोलताच तिला कळलं. "मी घाण केली का गं?"

मला वाटलं आता पोरगी फुटती. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. पर तिच्या डोळ्यातून पाणी आलं आन् तशातच ती हसायला लागली. तिनं साळूच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"घाण कसली काकू. तू तर त्याला देवासारखं वागवलंस. पाणी शिरलं की वीज सरळ त्या पाण्यातूनच निघून जाते, दाणे रांगेत उभेच राहत नाहीत. म्हणून डबा बंद पडला. एवढंच झालंय."

मग डोळे पुसले आन् कामाला लागली. मुंजाबाला म्हणली, "अण्णा, गाडी काढा, विद्यापीठात जाऊन येऊ." ऋतुराजला म्हणली, "दादा, नळकांडं पूर्ण उघड, कोरड्या फडक्यानं पूस आणि उन्हात ठेव. हात लावशील तर चटका बसला पाहिजे." ऊन काय, आमच्याकडं तेवढंच मुबलक होतं. पत्र्यावर ठेवलेलं लोखंड घटकाभरात भाजायला लागलं. दुष्काळानं त्या दिवशी पहिल्यांदा आमचं भलं केलं.

दुपार कलायच्या आत ती परत आली. रुमालात गुंडाळलेली छोटी बाटली, गच्च बूच लावलेली. ती तेल भरायला बसली तसा मुंजाबा माझ्या कानाशी आला. "दादा, ती बाटली तिच्या शेवटच्या मोजणीची हाय. त्याच्यावर तिचं पीएचडीचं काम पुरं व्हणार होतं. आता ते पीठ पहिल्यापासून बनवावं लागणार, धुवावं लागणार. मला बोलू देत नाय ती."

मी कुबडी घेऊन उठलो. "पोरी, ठेव ती बाटली. मेंढरं गेली तर जाऊ दे. तुझं शिक्षण मेंढरापायी बुडवायचं नाय मला."

तिनं वर बघितलंबी नाय. "बुडत नाही तात्या. उशीर होतो फक्त. बूच धरा जरा."

"पाणी कुठून आणशील परत?"

"आणीन. आजवर आणलंच ना? बूच धरा म्हणते ना!"

आयला, आवाज थेट माझ्या आईसारखा. मी गपगुमान बूच धरलं.

ऊन उतरलं तसा सगळा गाव शिलंगणाला, शिवेपार आपटा लुटायला निघाला. आम्ही मात्र मेंढरं घेऊन डोंगरावर गेलो. वर जाताना मुंजाबाचा हात धरला, चढ कधीच अवघड नव्हता. माथ्यावर हात सोडला. खाली कोरडा ओढा, ओढ्यात साळू उभी, एवढीशी दिसायली. प्रांजली माझ्या बाजूनं, पर हात लांब ठेवून. मी मेंढरांना "हिर्र्यो" अशी हाळी घातली. मेंढरं सुटली, घंट्या वाजायला लागल्या. मी टाच टेकवली.

उभा राहिला गुडघा. दुसरं पाऊल. उभा राहिला. मुरमावरून खडे घरंगळायलेत, भार सगळा पुढं यायलाय, आन् ती एवढीशी तेलाची फट मला तोलून धरायली. टाच उचलली की मोकळा, टेकली की खांब. निम्म्यात आलो आन् चपलेत खडा गेला. माणूस काय करतो? थांबतो, एका पायावर उभा राहतो, चप्पल झटकतो. मीबी तेच केलं. चप्पल परत घातली तवा माझ्या ध्यानात आलं की मी भर उतारावर खोट्या पायावर उभा राहून खरा पाय झटकला होता. प्रांजलीनं ते बघितलं होतं. दोन्ही हात तोंडावर ठेवून पोरगी रडायली होती. मीबी रडलो. लाज कसली त्यात? ज्या पिठाचा दाणा डोळ्याला दिसत नाय, त्याच्या भरवशावर माझं सारं घर त्या डोंगरावर उभं होतं, आन् ते पीठ माझ्या भावाच्या लेकीनं तहानलेल्या शहरात बसून धुतलं होतं.

खाली पोचलो तवा ऋतुराज फोनवर व्यापाऱ्याला सांगत होता, "नाय, उद्या येऊ नका. मेंढरं पैठणकडं निघाली." साळूच्या हातात भरलेला तांब्या होता. माझा घसा पार वाळलेला. मी हात पुढं केला.

तिनं माझा हात झटकला. "तुमचं नाय ते." मग प्रांजलीला म्हणली, "इथं ये. त्या दगडावर उभी राहा. चपला काढ."

"काकू, काय करतेस?"

साळू खाली बसली आन् तिनं ते पाणी पोरीच्या पावलांवर घातलं. लग्नात घालतात तसं, सावकाश, बोटांच्या मधून हात फिरवत. प्रांजली पाय मागं घ्यायला लागली. "अगं काकू, पिण्याचं पाणी आहे! वाया कशाला घालवतेस?"

"वाया?" साळूनं तिचा घोटा घट्ट धरला. "हे त्या पायाच्या वाटणीचं हाय. दर खंडेनवमीला त्याच्या अंघोळीचं पाणी मी काढून ठेवणार. त्याला चालत नाय, मग कुणाला घालू? जिच्या हातांनी त्याला केलं ती लेक माझ्या दारात येती, तिच्या पायावर घालणार."

मुंजाबानं तोंड फिरवलं. एवढ्यात सवतीचं कोकरू मेंढरांतून घुसत आलं आन् प्रांजलीच्या पावलांवरचं पाणी चाटायला लागलं. तिला गुदगुल्या झाल्या, ती हसत पाय उचलाय लागली.

"राहू दे," साळू म्हणली. "पिऊ दे त्याला. उद्या लांब चालायचंय."